बोलपूरच्या शाळेतील उत्सव

शाळेतील नाटक, गाणे आणि चित्रकला यांचा विचार करताना आपल्याकडे एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आधी शाळा नीट उभी राहावी, इमारत व्हावी, निकाल चांगले लागावेत, चार पैसे शिलकीत पडावेत. आणि मग उरलेल्या वेळात व उरलेल्या पैशांत कलेकडे पाहावे. स्नेहसंमेलनाच्या आधी पंधरा दिवस तालमी होतात, पडदे भाड्याने येतात, पालक टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा पुन्हा आपल्या वळणावर जाते. लहान शाळांचे चालक तर सरळच सांगतात की, आमच्याजवळ साधने नाहीत, तेव्हा असली हौस आम्हांला परवडत नाही. हे म्हणणे खोटे नसते. परंतु त्यामागचा सिद्धान्त, म्हणजे कला ही सुबत्तेनंतर येणारी गोष्ट आहे हा सिद्धान्त, इतिहासाला धरून आहे काय, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी आम्ही येथे एका लहान शाळेचा वृत्तान्त घेत आहोत. ती शाळा म्हणजे बोलपूरजवळचे रवींद्रनाथ ठाकुरांचे ब्रह्मचर्याश्रम. पुढे त्यातून विश्वभारती विद्यापीठ झाले. आज शांतिनिकेतन म्हटले की डोळ्यांपुढे ते विद्यापीठच येते. आम्हांला बोलावयाचे आहे ते मुख्यतः त्याच्या आधीच्या वीस वर्षांविषयी, शाळा खरोखरच लहान आणि गरीब होती त्या काळाविषयी.

बीरभूम जिल्ह्यातील बोलपूर स्टेशनापासून थोड्या अंतरावर एक उघडा माळ होता. जमीन तांबडी, पावसाने खरवडून निघालेली. झाडे म्हणावी तर सातविणीची दोन. १८६३ मध्ये महर्षी देवेंद्रनाथांनी ही जागा ध्यानधारणेसाठी घेतली. तेथे २२ डिसेंबर १९०१ रोजी, म्हणजे बंगाली पंचांगाप्रमाणे सात पौषाला, रवींद्रनाथांनी शाळा सुरू केली. विद्यार्थी पाच. त्यांतला एक त्यांचाच थोरला मुलगा रथींद्रनाथ. शिक्षकांत ब्रह्मबांधव उपाध्याय होते आणि जमीनदारीच्या कचेरीतून आणलेले जगदानंद राय होते. प्राचीन गुरुकुलाच्या कल्पनेप्रमाणे प्रथम फी घ्यावयाची नाही असे ठरले होते. साहजिकच खर्च संस्थापकाच्या अंगावर आला. पत्नी मृणालिनीदेवींचे दागिने विकले गेले. पुरीचे घर विकले गेले. शाळेला वर्ष पुरे होण्याच्या आतच, २३ नोव्हेंबर १९०२ रोजी मृणालिनीदेवी वारल्या. पुढल्या वर्षी मधली मुलगी रेणुका गेली. १९०४ च्या आरंभी सतीशचंद्र राय हा ऐन विशीतला कवी-शिक्षक आश्रमातच देवीच्या रोगाने दगावला आणि शाळा काही काळ शिलाईदहाला हलवावी लागली. कोणत्याही व्यवहारी माणसाने अशा वेळी नाटक-गाण्याचा विचार लांबणीवर टाकला असता. येथे मात्र नेमके याच वर्षांत ते सारे रुजले.

रुजले कसे, ते पाहू. पहिली गोष्ट गाण्याची. ब्रह्मचर्याश्रमात गाणे हा घड्याळी तास नव्हता. दिवसाची आखणीच गाण्याने होत असे. पहाटे मुलांची टोळी गात गात आवारातून फिरे आणि बाकीचे त्या आवाजाने जागे होत, रात्रीही तसेच. याला तेथे वैतालिक म्हणत. आपल्याकडे देवळात काकडआरतीने दिवस उगवतो, तसाच हा प्रकार. फक्त येथे गाणारी मुले होती आणि गाणी त्यांच्या गुरूने बहुधा अलीकडेच रचलेली असत. वर्ग झाडाखाली भरत, प्रत्येक मुलगा आपले आसन बरोबर नेई. भिंती नसल्यामुळे एका वर्गाचे गाणे दुसऱ्या वर्गाला आपोआप ऐकू जाई. ही गाणी टिकवून ठेवण्याचे मोठे काम दिनेंद्रनाथ ठाकुरांनी केले. रवींद्रनाथांना चाल सुचे, पण सुचलेली चाल ते स्वतःच विसरत. ती तत्काळ उचलणे, स्वरलिपीत बांधणे आणि मुलांच्या गळ्यांत उतरवणे हे दिनेंद्रनाथांचे काम. 'फाल्गुनी' हे नाटक रवींद्रनाथांनी त्यांनाच अर्पण केले, यात औचित्य होते. आम्हां मराठी माणसांना आनंद वाटावा अशी गोष्ट ही की, शास्त्रोक्त संगीत शिकवण्यासाठी तेथे पंडित भीमराव शास्त्री हे महाराष्ट्रीय गायक होते आणि रवींद्रनाथांची काही गाणी त्यांनी नागरी लिपीतील स्वरलेखनासह 'संगीत-गीतांजलि' या नावाने प्रसिद्ध केली.

दुसरी गोष्ट उत्सवांची. शांतिनिकेतनचा वसंतोत्सव आज देशभर ठाऊक आहे. त्याचे मूळ शोधू गेल्यास ते एका दहा वर्षांच्या मुलापाशी पोचते. १९०७ च्या वसंतपंचमीला रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने आपल्या सोबत्यांना जमवून ऋतु-उत्सव केला. मुलांनी ऋतूंची सोंगे घेतली. कोणी वसंत झाला, कोणी वर्षा, कोणी शरद. गाणी म्हटली आणि उत्सव संपला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला, आईच्या मृत्यूच्याच तारखेला, मुंगेर येथे पटकीने शमी वारला. पुढल्या पावसाळ्यात, १९०८ मध्ये, आश्रमात नुकतेच आलेले क्षितिमोहन सेन आणि विधुशेखर शास्त्री यांनी मुलांना घेऊन वर्षेचा उत्सव केला. आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूसाठी रवींद्रनाथांनी 'शारदोत्सव' हे नाटक लिहिले. या तीन घटनांची साखळी आम्ही मुद्दाम सांगितली. ऋतु-उत्सवांची परंपरा वरून आज्ञा होऊन सुरू झाली नाही. पहिला उत्सव मुलाने केला, दुसरा शिक्षकांनी केला आणि तिसऱ्याला कवीचे नाटक मिळाले.

'शारदोत्सव' या नाटकाची घडण पाहिली म्हणजे साधनांच्या तुटवड्याचा नाटकावर कसा परिणाम होतो, हे चांगले कळते. शाळेत मुलगे होते. तेव्हा नाटकात स्त्रीपात्र एकही नाही. नेपथ्याला पैसे नव्हते. तेव्हा स्थळ म्हणजे वाट, नदीकाठ आणि मोकळे आकाश. प्रत्येक मुलाला मोठी भूमिका देता येत नाही. तेव्हा गाणाऱ्या-हुंदडणाऱ्या मुलांचा घोळकाच नाटकभर फिरत राहतो. त्या दिवसांत आपल्याकडे किर्लोस्कर नाटक मंडळी भरात होती. 'मानापमान' रंगभूमीवर आले ते १९११ मध्ये. रंगवलेले पडदे, भरजरी पोशाख, स्त्रीभूमिका करणारे पुरुष नट आणि रात्रभर चालणारा खेळ हे आपल्या नाटकाचे वैभव होते आणि कलकत्त्याच्या धंदेवाईक रंगभूमीचे वैभवही फारसे निराळे नव्हते. शाळेने त्या वैभवाची नक्कल करावयाची ठरवली असती, तर ती नक्कल केविलवाणी झाली असती. रवींद्रनाथांनी १९०२ मध्येच रंगमंचावर एक निबंध लिहून असे मत मांडले होते की, चित्रित पडदा हा प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीचा अपमान आहे आणि बंगालच्या खेड्यातील यात्रा या लोकनाट्याला त्याची गरज लागत नाही. जे मत कलकत्त्यात नाट्यविषयक सिद्धान्त होते, ते बोलपूरच्या माळावर रोजची सोय ठरले.

नाटकाचे कथानकही पाहण्यासारखे आहे. उपनंद नावाचा मुलगा शरदाच्या सुटीत खेळायला न जाता पोथ्यांच्या नकला करीत बसला आहे. त्याचा वीणावादक गुरू वारला आहे आणि गुरूने केलेले कर्ज त्याला श्रमाने फेडावयाचे आहे. संन्याशाच्या वेषात फिरणारा राजा त्याच्याजवळ येतो, उपदेश न करता स्वतःच लिहू लागतो, आणि सुटीला निघालेली मुलेही त्या कामात हात घालतात. ऋण आनंदाने फेडणे हाच उत्सव, हा नाटकाचा आशय. जी शाळा स्वतः कर्जाने वाकली होती, जिच्या संस्थापकाने वर्षभरापूर्वी मुलगा गमावला होता, त्या शाळेत मुले आणि शिक्षक यांनी मिळून हे नाटक केले. मुलांसाठी म्हणून त्यात हलके-फुलके काही तरी लिहिले असेल असे कोणास वाटेल, तर आणखी एक गोष्ट सांगतो. १९१० मध्ये निघालेल्या बंगाली 'गीतांजलि'मध्ये या नाटकातील काही गाणी जशीच्या तशी आहेत. १९१३ चे नोबेल पारितोषिक ज्या नावाशी जोडले गेले, त्या संग्रहाचा एक धागा शाळेतल्या पोरांच्या नाटकातून आलेला आहे.

१९११ या एका वर्षात रवींद्रनाथांनी दोन नाटके लिहिली आणि दोन्हींत कोंडलेली मुले आहेत. 'अचलायतन' हे एका विद्यापीठाचेच नाटक. तेथे नियम इतके कडक की उत्तरेची खिडकी ३४५ वर्षे उघडलेली नाही. आणि सुभद्र नावाचा एक लहान मुलगा ती उघडतो म्हणून सारे आचार्य भयभीत होतात. आपल्याच शाळेच्या ग्रंथसंग्रहात शाळांवरची एवढी कठोर टीका ठेवणारा दुसरा शाळाचालक आम्हांला ठाऊक नाही. त्याच सुमारास पूर्व बंगाल व आसाम सरकारने एक परिपत्रक काढले की, बोलपूरची शाळा सरकारी नोकरांच्या मुलांना योग्य नाही. अनेक पालकांनी मुले काढून नेली. फीवर काटकसरीने चालणाऱ्या शाळेला हा घाव मोठा होता. तथापि शाळेचा क्रम बदलला नाही.

दुसरे नाटक 'डाकघर'. आजारी अमलला वैद्याने बाहेर पडण्याची बंदी केली आहे. तो खिडकीशी बसतो. दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधेशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. रंगभूमीवर लागते काय, तर एक खाट आणि एक खिडकी. १९१३ मध्ये ते डब्लिनच्या अ‍ॅबे थिएटरात झाले. १९१७ मध्ये कलकत्त्याला जोडासाँकोच्या वाड्यातील 'विचित्रा'मध्ये झाले, तेव्हा अमलचे काम आश्रमातल्याच मुलाने केले होते. आणि त्या वर्षाअखेरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या सुमारास जो प्रयोग झाला तो पाहणाऱ्यांत महात्मा गांधी, अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय यांच्याबरोबर लोकमान्य टिळकही होते. परंतु या नाटकाचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग त्यानंतर पंचवीस वर्षांनी, फार दूर झाला. १८ जुलै १९४२ रोजी पोलंडमध्ये, वॉर्सा शहरातल्या ज्यू लोकांना कोंडलेल्या वस्तीत, डॉक्टर यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी ते केले. अन्न नव्हते, औषध नव्हते, बाहेर पडण्याची मुभा नव्हती. तीन आठवड्यांच्या आत त्या सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आले आणि कोर्चाक त्यांना न सोडता बरोबर गेले. कलेची गरज पोट भरल्यावर लागते असे म्हणणाऱ्यांनी या प्रयोगाचा विचार करावा. खाट आणि खिडकी यांवर भागणारे नाटक होते, म्हणून ते तेथे होऊ शकले.

आता चित्रकलेविषयी. आरंभीच्या काळात चित्रकलेसाठी स्वतंत्र इमारत नव्हती. १९११ पासून काही वर्षे असितकुमार हालदार मुलांना शिकवीत. मुकुल दे हा शाळेतलाच विद्यार्थी १९१६ मध्ये रवींद्रनाथांबरोबर जपान-अमेरिकेला गेला आणि पुढे उत्कीर्ण चित्रांच्या कलेत नामवंत झाला. १९१९ मध्ये कलाभवन निघाले आणि लवकरच नंदलाल बोस तेथे कायमचे आले. नंदलालांची रीत अशी की, उत्सव असला म्हणजे चित्रशाळेने बाहेर यावे. उत्सवाच्या जागी जमिनीवर अल्पना काढावी, फुलापानांची सजावट करावी, नाटकाचे पोशाख रंगवावेत. अल्पना म्हणजे आपली रांगोळी. फक्त ती तांदळाच्या ओल्या पिठाने काढतात. बायका घरच्या व्रतांत काढीत ती ही कला सुकुमारीदेवींनी कलाभवनात शिकवली. घरच्या कामाला शाळेत शिक्षणाचा मान मिळाला. विद्यार्थ्यांनी राहण्याचे एक मातीचे घरही असेच सजवले. भिंतींवर मातीचीच उठावाची चित्रे आणि वर डांबराचा लेप. माती आणि डांबर यांपेक्षा स्वस्त साहित्य ते कोणते? कोल्हापूरचे विनायक मासोजी कलाभवनाच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होते आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या शाळेने चित्रकलेत काय केले ते एका विद्यार्थ्यावरून सांगता येईल. विनोदविहारी मुखर्जी हा मुलगा १९१७ मध्ये शाळेत आला, तेव्हा त्याच्या एका डोळ्याला दिसत नव्हते आणि दुसरा अधू होता. अशा मुलाला सर्वसाधारण शाळा घेईना, आणि घेतलाच तर चित्रकलेकडे कोणी जाऊ देईना. येथे त्याला चित्रकला शिकू दिली. १९४६-४७ मध्ये त्याने हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे भव्य भित्तिचित्र काढले. त्यात कबीर आहेत, सूरदास आहेत, तुलसीदास आहेत. १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली दृष्टीही गेली. तरीही त्यांचे काम थांबले नाही. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. परीक्षेच्या निकालावरून शाळेची किंमत ठरवणाऱ्यांना असा विद्यार्थी मोजता येत नाही.

नाचाचा इतिहास थोडा निराळा आहे, कारण तेथे समाजाशी गाठ होती. १९२० च्या सुमारास त्रिपुरा संस्थानातून मणिपुरी नृत्याचे शिक्षक आणले गेले. पुढे मुलींची संख्या वाढली आणि १९२६ मध्ये रवींद्रनाथांनी केवळ मुलींसाठी 'नटीर पूजा' लिहिले. राजाज्ञा मोडून बुद्धाच्या स्तूपापुढे नाचणारी आणि त्यासाठी प्राण देणारी नटी हा त्याचा विषय. १९२७ च्या आरंभी ते कलकत्त्यात करावयाचे ठरले, तेव्हा भद्र घरातल्या मुली लोकांपुढे नाचणार म्हणून टीका होणार हे उघड होते. नटीचे काम नंदलालांची कन्या गौरी करीत होती. रवींद्रनाथांनी नाटकात उपाली या भिक्षूची नवी भूमिका घातली आणि पासष्ट वर्षांचे असता स्वतः ती केली. हेतू हा की, जी टीका व्हायची ती आधी आपल्यावर व्हावी. आपल्याकडे 'आंधळ्यांची शाळा'मध्ये प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या त्या १९३३ मध्ये. त्या वेळची चर्चा ज्यांनी वाचली आहे त्यांना या धैर्याची कल्पना येईल.

येथपर्यंतचा वृत्तान्त उजळ आहे. परंतु इतिहास सांगावयाचा तर पुढचेही सांगितले पाहिजे. १९१६ च्या जानेवारीत 'फाल्गुनी'चा प्रयोग कलकत्त्यात झाला, तो बांकुड्याच्या दुष्काळग्रस्तांसाठी. शाळेच्या कलेने भुकेलेल्यांसाठी पैसा उभा केला. १९२१ मध्ये विश्वभारती झाली, विभाग वाढले, खर्च वाढला, आणि तीच कला आता संस्थेसाठी पैसा उभा करू लागली. रवींद्रनाथ नाट्य-नृत्याचा ताफा घेऊन गावोगाव हिंडू लागले. १९३६ मध्ये वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी 'चित्रांगदा' घेऊन ते पाटणा, अलाहाबाद, लाहोर करीत दिल्लीला आले. गांधीजींना ते पाहवले नाही. त्यांनी साठ हजार रुपयांची व्यवस्था करवली आणि कवीला परत घरी जावयास सांगितले. प्रसंग हृद्य आहे खरा, पण त्यात एक इशाराही आहे. लहान शाळेत कला शाळेला सांभाळत होती. मोठ्या संस्थेत कलेला संस्थेचे ओझे वाहावे लागले. अलीकडे वसंतोत्सवाला एवढी गर्दी लोटू लागली की, काही वर्षी विद्यापीठाला तो बाहेरच्यांसाठी बंद ठेवून आपल्यापुरताच करावा लागला. २०२३ मध्ये शांतिनिकेतनची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, हे योग्यच झाले. तथापि वारसा म्हणून जे जपावयाचे, ते दहा वर्षांच्या मुलाने सोबती जमवून केलेल्या उत्सवाचे आहे, हे विसरता कामा नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रवींद्रनाथांसारखा कवी असता कोणत्याही शाळेत गाणे-नाटक फुलेल. तालुक्याच्या शाळेने तो कोठून आणावा? कवी आणता येत नाही, हे खरे. पण वरचा वृत्तान्त पुन्हा पाहिला, तर त्यातल्या पुष्कळ गोष्टींना कवी लागत नाही असे दिसेल. पहाटेचे गाणे, झाडाखालचा वर्ग, मुलांनी घेतलेली ऋतूंची सोंगे, अंगणातली अल्पना, अधू दृष्टीच्या मुलाला दिलेली मोकळीक, शिक्षक व मुले यांनी एकत्र केलेली भूमिका, यांपैकी कशालाच नोबेल पारितोषिक लागत नाही. लागतो तो शिक्षकांचा निश्चय आणि हाताशी आहे त्यातून रीत घडवण्याची बुद्धी. साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरीस आंतरभारतीचे जे स्वप्न पाहिले, त्यामागे शांतिनिकेतनची प्रेरणा होती. आणि गुरुजी साधनसंपन्न नव्हते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको.

आपल्या खेड्यांत भारूड आहे, लेझीम आहे, दिंडी आहे, भोंडल्याची गाणी आहेत, दारापुढची रांगोळी आहे. ही शाळेच्या फाटकाबाहेरच राहतात आणि आत आपण भाड्याचे पडदे आणतो. बोलपूरच्या शाळेने यात्रा, बाउलांची गाणी, व्रतांच्या अल्पना यांना फाटकातून आत घेतले, कारण विकत आणण्यासारखे दुसरे काही परवडत नव्हते. गरिबीने त्या शाळेला आपल्या घरातले धन पाहावयास लावले. आपल्या लहान शाळांजवळ गरिबी आहे आणि ते धनही आहे. साधने येईपर्यंत थांबू म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, शिकणारी मुले तोपर्यंत थांबत नाहीत. ती मोठी होऊन निघून जातात.